न पेटणारा गॅस

आग्नेल कोळ्याच्या घरात जन्मला आणि त्याला बोट लागायची. वसईच्या पाचूबंदरात ही गोष्ट लपवण्यासारखीच होती. बाप होडी लोटायला लागला की हा काठावर उभ्या उभ्या पांढरा पडायचा. एकदा बापाने जबरदस्तीने नेलं, तर परत येईपर्यंत तो जाळ्यांच्या ढिगावर आडवा पडून ओकत होता. बाप त्यावर काही बोलला नाही, पण पुन्हा कधी त्याला हाकही मारली नाही. बरोबरीची पोरं समुद्रावर जाऊ लागली आणि आग्नेल आयटीआयमध्ये फ्रीज उघडून बसू लागला.

ते काम मात्र त्याच्या हाताला चांगलं बसलं. पुढे तो बहारीनला गेला, तिथे हॉटेलांचे मोठमोठे एसी प्लांट सांभाळले. परत आल्यावर नायगाव पूर्वेला नव्या टॉवरांच्या रांगेखाली गाळा घेतला, ग्रेसीशी लग्न केलं आणि एसीवाला आग्नेल म्हणून नाव कमावलं. हुशार होता, पण बोलणं जरा वरचं. कुठलाही विषय निघाला की ‘आमच्या बहारीनला’ हे आलंच. इथल्या मेकॅनिकांना काही कळत नाही, दुकानदार सगळे लुटारू आणि सरकारी नियम म्हणजे कागदं रंगवायचे धंदे, हे तो चहाच्या टपरीवर मोठ्याने सांगायचा. ऐकणारे ऐकून घ्यायचे, कारण त्याने दुरुस्त केलेला एसी पुन्हा बिघडत नसे.

इझाबेल ही त्याची मावशी. आई लवकर गेली तेव्हा याच मावशीने त्याला आपल्या पोरांबरोबर जेवू घातलं होतं. ती मासे विकायची आणि बंदरावरच्या बायकांच्या गटाची पुढारीण होती. बायकांचं एक जुनं दुखणं होतं. दिवसभरात विकला न गेलेला माल संध्याकाळी व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागायचा, कारण रात्रभर ठेवायला जागाच नव्हती. आग्नेलने एका बंद पडलेल्या हॉटेलातून कोल्ड रूमचं जुनं यंत्र मिळवलं, जाळी ठेवायच्या शेडमध्ये पत्रे आणि थर्माकोल लावून खोली बांधली आणि शेजारच्या पडवीत यंत्र बसवलं. वीजजोडणीचं काम डॉमनिककाकांनी केलं. ते बंदरावरचे जुने वायरमन. बायका त्या खोलीला नुसतं ‘थंडी’ म्हणू लागल्या. “पापलेट थंडीत ठेवलीत, उद्या बघू,” असं व्यापाऱ्याला सांगता येऊ लागलं. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, “आमच्या आग्नेलनं केलं हाय.” बोट लागणाऱ्या पोराला पहिल्यांदाच वाटलं, की आपणही बंदराच्या कामाला आलो.

यंत्र जुनं, म्हणून त्यातला गॅसही जुन्या जातीचा होता. मेकॅनिक त्याला नुसतं ‘बावीस’ म्हणतात. खाऱ्या हवेत तांब्याचे पाइप झिजतात, कुठेतरी बारीक गळती लागते आणि गॅस पुन्हा भरावा लागतो. आग्नेल तो रामनाथशेठकडून आणायचा. वसई पूर्वेला औद्योगिक गाळ्यांत रामनाथचं दुकान होतं. पाटीवर नोंदणी क्रमांक, भिंतीवर परवान्याच्या चौकटी, सगळं रीतसर.

गेल्या वर्षी आग्नेल गॅस घ्यायला गेला तेव्हा भाव ऐकून त्याचं डोकंच फिरलं. त्यात रामनाथने कागद पुढे केला आणि म्हणाला, “नाव, पत्ता आणि गॅस कशासाठी पाहिजे ते लिहा. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट असेल तर त्याची झेरॉक्स द्या.”

“आता गॅस घ्यायला पण सर्टिफिकेट? मी बहारीनला प्लांट चालवलेत, शेठ.”

“चालवले असतील. ओझोनला घातक म्हणून बावीस आता बंद होत चाललाय. सरकारने माल कमी करत आणलाय, म्हणून भाव चढला. मी कोणाला विकला, कशाला विकला, याचा हिशेब मला दाखवावा लागतो.”

“टंचाई तुम्हीच करायची आणि नाव सरकारचं,” आग्नेल म्हणाला. दुकानात आणखी मेकॅनिक उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो पुढे बोलला, “गोरगरीब कोळणींच्या खोलीत भरायचाय हो हा गॅस. त्यांचा पण गळा कापा!”

रामनाथ कागद मागे घेऊन म्हणाला, “दुसरीकडे स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या.” आग्नेल तरातरा बाहेर पडला. दोन-तीन मेकॅनिक हसले. ते रामनाथला हसले असं त्याला वाटलं आणि त्याला बरं वाटलं.

स्वस्त मिळतही होतं. विरार पूर्वेला चंदनसारला सॅमी नावाचा एक जण नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीतून गॅस विकायचा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, कोरे करकरीत खोके, कंपनीचीच वाटावी अशी छपाई. भाव रामनाथच्या निम्मा. बिल मागितलं तर सॅमी हसून म्हणाला, “बिल घेतलं तर टॅक्स आला, अंकल. तुम्ही एक्सपर्ट माणूस, तुम्हाला मालाची पारख आहे ना?” आग्नेलने खोका उघडला, सिलिंडर हातात घेऊन फिरवून बघितला. जरा हलका वाटला खरा. पण एक्सपर्ट माणसाने वजनकाटा मागायचा कसा? त्याने तसे दोन गाडीत टाकले आणि त्यातला एक थंडीच्या यंत्रात भरला.

त्या वेळी थंडी झकास चालली. आग्नेलने गटाच्या बायकांना सांगितलं, की गॅसच्या दलालांचा भाव मी पाडला. बायकांनी गावच्या सणाच्या कार्यक्रमात त्याला शाल घातली. मावशीनेच ती त्याच्या खांद्यावर ठेवली. तो फोटो ग्रेसीने गाळ्यात लावला.

नाताळ जवळ आला तसा मालाला भाव चढला आणि थंडी भरली. अशात एका दुपारी मावशीचा फोन आला, यंत्र घरघरतंय, आत गार पडत नाही. आग्नेल लगेच गेला. पाइपच्या एका सांध्याला गळती होती. बर्नरच्या ज्योतीने डाग देऊन ती बुजवायची म्हणजे आधी आतला गॅस काढायला हवा. तो काढून वेगळ्या बाटल्यात साठवायचं यंत्र असतं, बहारीनला त्याने ते वापरलंही होतं. इथे ते घेतलं नव्हतं. इथे सगळे करतात तसं त्याने वॉल्व्ह उघडून गॅस पडवीतच सोडून दिला. बावीस पेटत नाही, याची त्याला पक्की खात्री होती. पडवीत उजेड कमी होता, म्हणून मावशी हातात बॅटरी धरून त्याच्या बाजूला उकिडवी बसली होती.

“तू लांब बस गं,” तो म्हणाला.

“लांबून तुला दिसल काय?” ती म्हणाली.

त्याने डाग द्यायचा बर्नर पेटवला आणि भप्पकन आवाज झाला. जमिनीलगत पसरलेला गॅस पिवळ्या ज्वाळेने एकदम पेटला. क्षणभर सगळी पडवी उजळली, भिंतीवरचा वीजबोर्ड काळा झाला आणि मावशी उजवा हात पोटाशी धरून किंचाळली. बायका धावल्या, कुणी बादलीतलं पाणी फेकलं, कुणी तिला बाहेर ओढलं. आग्नेलच्या भुवया जळाल्या होत्या, पण तो जागचा हलला नाही. डोळ्यांसमोर ती पिवळी ज्वाळा होती. बावीस असा जळत नाही. त्याला ठिणगी लावली तर घशाला लागणारा उग्र धूर होतो, बस. त्या सिलिंडरात बावीस नव्हता, निदान नुसता बावीस नव्हता. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचं काहीतरी मिसळलेलं होतं. हे त्याला तिथेच, पाण्याने भिजलेल्या त्या पडवीत कळलं.

रिक्षातून मावशीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात बघत विचारलं, “कशाने भाजलं?”

मावशी विव्हळत होती. जीना, तिची सून, आग्नेलकडे बघत होती. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं, “शॉर्ट सर्किट झालं.”

वाक्य इतकं सहज आलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. नंतर तो स्वतःला म्हणत राहिला, की घाईत बोललो, उपचार सुरू होणं महत्त्वाचं होतं. पण बाहेर बाकड्यावर बसल्यावर जीनाने पुन्हा विचारलं तेव्हा घाई नव्हती. तरी त्याने तेच सांगितलं.

मावशीचा हात वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली. ती घरी आल्यावर आग्नेल भेटायला गेला. ती खाटेवर बसली होती, पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून. त्याला बघून म्हणाली, “तुझ्या भुवया येतील रे परत?” मग आवाज खाली करून, “माझीच चूक असल. मासे धुतलेला ओला हात होता. बोर्डाला टेकून बसली होती मी. पानी गेलं असल आत.”

“तसं काय नाय, मावशी.”

“नाय कसं? कोनाला सांगू नको, पन माझ्या मनाला लागलंय. बायांचा केवढा माल खराब झाला.”

इथे त्याला सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होती. तो चहा न घेताच उठला. बाहेर येऊन स्कूटर सुरू करताना त्याचे कान तापले होते. घरी ग्रेसीने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून पडून राहिला.

मावशीने स्वतःला दोष दिला तो मनातल्या मनात. बायकांनी मात्र उघडपणे डॉमनिककाकांना धरलं. वायरिंग त्यांचं, मग शॉर्ट सर्किट कुणाचं? चौकात, नळावर, मासळीच्या टोपल्यांशी बोलणं चालू झालं. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, हात थरथरतात, कुणी काम दिलं त्याला? काकांच्या कानावर ते गेलंच. एका सकाळी ते टेस्टर आणि पक्कड घेऊन आग्नेलच्या गाळ्यावर आले. एवढ्या लांब ते कधी येत नसत.

“आग्नेल, तू समोर होतास. ठिनगी बोर्डातूनच आली का?”

आग्नेलसमोर एक उघडलेला एसी होता. त्यातला स्क्रू काढता काढता तो म्हणाला, “धुरात नीट दिसलं नाही, काका.”

“बोर्ड सगळा काला पडलाय आनि भिजलाय. त्यातून काय कलत नाय. मी रोज आठवतो. शेवटचा जोड घट्ट केला की नाय? केला असल ना? मी कधी तसा सोडत नाय.” ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. “पन आठवत नाय रे.”

आग्नेल स्क्रूच काढत राहिला.

“मी सगली वायर नवीन टाकून देतो,” काका म्हणाले. “फुकट. तू जरा हाताखाली ये.”

आणि तो गेला. याहून मोठी शिक्षा त्याला कुणी दिली नसती. पडवीत गुडघे टेकून काका जुन्या पट्ट्या उपटत होते, नव्या ठोकत होते, प्रत्येक जोड ओढून ओढून बघत होते आणि आग्नेल त्यांना बारीक खिळे आणि क्लिपा देत उभा होता. मासे घेऊन जाणाऱ्या बायका दारात थांबून बघायच्या. एकजण म्हणाली, “आता तरी नीट करा, काका.” काकांनी मान खाली घालून ‘होय’ म्हटलं. आग्नेलच्या हातातून क्लिपांची डबी पडली. गोळा करायला तो वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला, कारण वर बघितलं असतं तर कुणाशी तरी नजर भिडली असती.

काम संपल्यावर काकांनी पक्कड आणि टेस्टर पिशवीत घातले आणि म्हणाले, “बस. यापुढे नाय करनार. रमेदी गावातल्या एका बंगल्याचं काम घेतलं होतं, चावी परत देतो. हाताचा भरोसा गेला की थांबावं.”

दुसऱ्या दिवशी आग्नेल उरलेला सिलिंडर गाडीत घालून रामनाथच्या दुकानात गेला.

आत गर्दी होती. रामनाथने त्याला बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मागून आलेल्यांनाही माल दिला, फोन घेतले, चहा प्यायला. आग्नेल उभाच होता. शेवटी रामनाथ म्हणाला, “बोला, बहारीनवाले.”

“हा तपासून पाहिजे.”

रामनाथने आधी सिलिंडर काट्यावर ठेवला. छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत चांगलाच फरक होता. “तुम्ही थोडा वापरलाय ना?”

“हा वापरलेला नाय. दुसरा वापरला.”

“म्हणजे हा आधीच कमी भरलेला. किलोमागे हिशेब करा, मग कळेल किती स्वस्त पडला ते.” मग त्याने गॅस ओळखायचं यंत्र आणलं, नळी जोडली. यंत्राने जरा वेळ घेतला आणि लाल दिवा लावून टीं-टीं करू लागलं. रामनाथ पडद्यावर वाकला. त्याच्या चेहऱ्यावरची खवचट झाक गेली. “आग्नेलभाय, यात बावीस थोडासाच आहे. बाकी सगळा पेटणारा गॅस. कुठे वापरलात हा?”

आग्नेलने सांगितलं. मावशीच्या हाताचंही सांगितलं. तोवर दुकान रिकामं झालं होतं.

रामनाथने खुर्ची पुढे केली. “त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर मला चोर ठरवलंत, म्हणून मीही तोंड बंद ठेवलं. नाहीतर सांगितलं असतं. भाव चढलाय हे खरं, पण रास्त भाव कोणता ते बघायचे मार्ग आहेत. दोन-तीन नोंदणीवाल्या दुकानांत विचारायचं, सगळ्यांचा भाव आसपास येतो. एखादा एकदम निम्म्यावर आला तर त्याला विचारायचं, तुझा माल आला कुठून? बिल घ्यायचं, त्यावर बॅच नंबर लिहून घ्यायचा, तोच सिलिंडरवर आहे का बघायचं. सील बघायचं. वजन करून घ्यायचं, त्यात लाज कसली?”

“आणि परवाना? मला परवाना लागतो का?”

“या गॅसची विक्री करायला नोंदणी लागते. सिलिंडरांचा मोठा साठा ठेवायचा तर त्याचे वेगळे नियम आहेत. तुम्ही दुरुस्तीला लागेल तेवढा घेता. तुम्ही फक्त कशासाठी घेता ते लिहून द्यायचं. तो कागद मी तुम्हाला त्रास द्यायला पुढे नव्हता केला. उद्या माल खोटा निघाला तर कोणाकोणाकडे गेला ते कळावं, म्हणून तो असतो. आणि सर्टिफिकेट मी मागितलं कारण सरकार मेकॅनिकांना ट्रेनिंग देतंय. पेटणारे गॅस आता खुल्लमखुल्ला येतायत, नव्या एसीत आहेतच. ते हाताळायचे कसे, हे बहारीनला तुमच्या वेळी नव्हतं.”

एवढं सोपं होतं. सही करायला दोन मिनिटं लागली असती. आग्नेल मान खाली घालून बसला. रामनाथने विचारलं, “तक्रार करणार? विकणाऱ्याचं नाव द्यावं लागेल. तुमचं पण येईल त्यात, बिलाशिवाय घेतलात म्हणून.”

“करतो,” आग्नेल म्हणाला. पण त्याआधी त्याला दुसरीकडे जायचं होतं.

डॉमनिककाका घराच्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. आग्नेल उभ्यानेच बोलला. गॅस खोटा होता, मी स्वस्तात घेतला होता, आग त्याने लागली, वायरिंगचा काही संबंध नव्हता. काकांचे हात थांबले.

“म्हनजे माझा जोड ठीक होता?”

“हो, काका.”

“बोर्डात काय नव्हतं?”

“काय नव्हतं.”

 काकांच्या तोंडावर आधी सुटका दिसली, मग हळूहळू ती उतरली. “मी तिथं गुडघ्यावर बसलो होतो,” ते म्हणाले. “तू मला खिळे देत होतास.”

आग्नेल एक पाऊल मागे सरला.

“मला कशाला सांगतोस? मी कुनाला बोललो नाय. ज्या बोलल्या त्यांना सांग. सगल्यांसमोर सांग.” आणि ते जाळं तिथेच टाकून आत गेले.

गटाची बैठक थंडीच्या समोरच्या ओट्यावर भरायची. आग्नेलने जीनाला सांगून बायकांना बोलावलं. मावशीही आली, हात गळ्यातल्या पट्टीत. डॉमनिककाका लांब नारळाला टेकून उभे राहिले. आग्नेलने बोलणं पाठ करून आणलं होतं. सॅमी कसा फसवा निघाला, खोके कसे हुबेहूब होते, चांगले चांगले मेकॅनिक कसे फसतात, वजन कसं कमी निघालं. बोलता बोलता त्याचा आवाज वर चढला. बायका च्‌ च्‌ करू लागल्या, कुणीतरी सॅमीला शिवी दिली. क्षणभर त्याला वाटलं, की सुटलो.

मावशीने डावा हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या.

“गॅस खोटा हाय ते तुला कवा कळलं?”

बरेच मार्ग होते. काल, शेठच्या दुकानात, असं म्हणता आलं असतं. यंत्राचा लाल दिवा साक्षीला होता. आग्नेल त्या नारळाकडे बघत होता, पण काका त्याच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

“तेव्हाच,” तो म्हणाला. “पेटला तेव्हाच कळलं.”

 एका टोपलीत मासे होते, त्यावर माशा बसत होत्या आणि त्या उडवायलाही कुणाचा हात उठला नाही. मग मावशी म्हणाली, “मी रोज देवाला विचारत होती, माझा हात बोर्डाला लागला का. तू माझ्या खाटंजवळ बसला होतास.” एवढंच बोलून ती उठली आणि जीनाचा आधार घेऊन घराकडे निघाली. बायकाही एकेक करून गेल्या. ज्या बाईने ‘आता तरी नीट करा’ म्हटलं होतं ती नारळापाशी थांबली, काकांना काहीतरी म्हणाली. काकांनी मान हलवली. आग्नेल एकटाच ओट्यावर राहिला.

त्याने सगळं केलं. तक्रार दिली, त्यात स्वतःचं नाव लिहिलं. सॅमीची खोली बंद मिळाली, तो कुठे गेला कुणाला माहीत नाही. मालाचं नुकसान आग्नेलने हप्त्यांनी भरलं. ट्रेनिंगला गेला, विशीतल्या मुलांबरोबर बाकावर बसला. पेटणाऱ्या गॅसचा धडा सुरू झाला तेव्हा शिक्षकांनी विचारलं, की तुमच्यापैकी कुणी असा गॅस पेटलेला पाहिलाय का? त्याने हात वर केला आणि उभं राहून सांगितलं, कुणाचा हात भाजला तेही सांगितलं.  गाळ्यातला शालीचा फोटो त्याने ग्रेसीला काढायला लावला. तिने कारण विचारलं नाही, तोवर तिच्याही कानावर सगळं आलं होतं. काही दिवस ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. त्याची लाज तिच्याही वाट्याला आली होती आणि याचं त्याला जास्त वाईट वाटायचं.

थंडीचं काम बायकांनी त्याच्याकडून काढून घेतलं नाही, पण रीत बदलली. गॅस घ्यायला आता जीना जाते. दोन दुकानांत भाव विचारते, पाटीवरचा नोंदणी क्रमांक बघते, सिलिंडर काट्यावर ठेवायला लावते, सील आणि बॅच नंबर बघून मगच बिल घडी घालून पर्समध्ये ठेवते. आग्नेल सोबत असतो, सिलिंडर उचलायला. पहिल्या वेळी रामनाथने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने मान खाली घातली. तीच जागा, तेच काउंटर, फक्त प्रश्न विचारणारी दुसरी. डॉमनिककाकांनी रमेदीच्या बंगल्याची चावी परत मागून घेतली. आग्नेलशी ते बोलतात, कामापुरतं.

मावशी मासे कापत नाही, बोटं वळत नाहीत. ती काट्यावर बसते, डाव्या हाताने वजनं टाकते. आग्नेल तिच्या ओट्यावरून जाणं टाळायचा. बंदराचा सरळ रस्ता सोडून तो मागच्या आळीतून, चर्चला वळसा घालून जायचा. असे पुष्कळ महिने गेले. तिच्या घरी जायची त्याची छाती झाली नाही. जीनाकडे औषधं द्यायचा, ती घेतली जायची, पण तिकडून निरोप काही यायचा नाही.

परवा मागच्या आळीत गटाराचं काम निघालं आणि रस्ता खणून ठेवलेला होता. त्याला सरळ वाटेनेच जावं लागलं. मान खाली घालून, स्कूटर हळू चालवत तो ओट्यासमोर आला. मावशी सुरमई तोलत होती.

“आग्नेल.”

त्याने ब्रेक मारला.

“याच रस्त्यानं जात जा,” ती वर न बघता म्हणाली. “रोज वळसा घालतोस. पेट्रोल काय फुकट येतं?”

त्याला काहीतरी बोलायचं होतं. गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालू लागलं तशी ती तिकडे वळली आणि तावातावाने बोलू लागली. मागून एका टेम्पोने हॉर्न वाजवला आणि त्याला पुढे जावं लागलं.